वरच्या वस्तीची लाइन

प्रिय नेमबाज,

या नावानं तिकडे तुला कुणी हाक मारत नसेल, तिकडे तू साहेब असशील. पण 'प्रिय'पुढे मला दुसरं काही लिहिता येईना. लोकांच्या गच्चीवर एक डोळा मिटून तू नुसत्या अंदाजानं इंटरनेटची डिश टेकडीवरच्या आपल्या टॉवरकडे वळवायचास आणि मी खाली सिग्नलचे आकडे बघत बसायचे. तेव्हा शिंपीकाकांनीच तुझं हे नाव ठेवलं होतं. तू गेल्यापासून चार वर्षांत तुला मी एक ओळही लिहिली नाही. आधी राग होता. मग तो कधीतरी गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

आपला धंदा सोडून तू ज्या कंपनीत गेलास, ती इथे आली हे तुला माहीत असणारच, टॉवरचे नकाशे तुमच्याच खात्यानं केले असतील. पहिले सहा महिने त्यांनी इंटरनेट फुकट वाटलं. आपण ज्यांच्या विहिरीतून पाणी विकत घ्यायचो, तेच आपल्या दारासमोर पाणपोई टाकून बसले. आपण त्यांच्याकडून इंटरनेट घ्यायचो, तो घाऊक दर मात्र त्यांनी वाढवला. मी पत्र पाठवलं, उत्तर छापील आलं. लोकांना दोष देत नाही. निवृत्त पोस्टमनकाका डिश जुन्या चादरीत गुंडाळून स्वतः परत घेऊन आले. "नातवंडं ऐकत नाहीत गं," म्हणाले आणि चहा होईपर्यंत खाली मान घालून बसले. शिंपीकाकांना तर यायचं धाडस झालं नाही, काकूंना पाठवलं. दोनशेच्या वर घरं होती आपली, वर्षाअखेरीस एकोणीस उरली. मागच्या खोलीत डिशांची चळत लागली. आई म्हणते, "एवढ्या परातींत निदान कणीक तरी मळता आली असती." मी हसले, असं आई सांगते. मला आठवत नाही.

सातव्या महिन्यात त्यांचे दर चढले. तेव्हा लोक रस्त्यात थांबवून म्हणायला लागले, तुमचंच बरं होतं. म्हणाले, पण परत कुणी आलं नाही. हातातल्या फोनवर सगळं मिळत असताना भिंतीला पुन्हा भोक कोण पाडणार?

वरच्या वस्तीला मात्र कंपनी गेलीच नाही. त्यांचा सर्व्हेवाला एक दिवस वर जाऊन आला, खाली येऊन माझ्याकडेच पाणी प्यायला. "चाळीस घरांसाठी टॉवर परवडत नाही, ताई," म्हणाला. खोटं नव्हतं ते. आपल्यालाही कुठे परवडत होतं? तिथल्या आरोग्यकेंद्राची लाइन धर्मखाती धरू, असं तूच म्हणाला होतास. ती तेवढी मी चालू ठेवली. खालच्या इस्पितळातले डॉक्टर पडद्यावर पेशंट बघायचे, नर्सबाई ते सांगतील तसं करायच्या. कितीतरी बाळंतपणं त्यांनी अशी निभावून नेली.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी मी बॅटऱ्या बदलायला टेकडीवर गेले. बिघाड काही नव्हता, नवीन बॅटऱ्या पिशवीत होत्या. त्या मी काढल्याच नाहीत. थोडा वेळ बसले, मग उठून मेन स्विच खाली करून लाइन बंद केली. का, ते विचारू नकोस. दमले होते म्हटलं तर खोटं नाही, पण तेवढंच नव्हतं. उरलेल्या गिऱ्हाइकांना आणि नर्सबाईंना सोमवारी निरोप देऊ, असं ठरवलं. घरी येऊन कपड्यांना इस्त्री केली.

शनिवारी सकाळी वरच्या वस्तीतल्या एका बाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नर्सबाई पडद्यासमोर बसून राहिल्या. दोन तास वाट पाहून शेवटी बाईला खाटेवर घालून माणसं खाली निघाली. फोनला रेंज येते त्या वळणावर पोचल्यावर गाडी बोलावता आली. बाई वाचली, बाळ गेलं. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही, असं डॉक्टर म्हणाले. यातलं कोणतं 'कदाचित' धरावं, ते मला कळत नाही.

सोमवारी नर्सबाई खाली दुकानात मला भेटायला आल्या. मला वाटलं, जाब विचारतील. त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं डिश हलली असेल असं वाटलं. तुम्ही दुपारच्या आत नीट करताच नेहमी. म्हणून थांबले मी. थांबायला नको होतं." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काहीच केलं नाही. त्या गेल्यावर टेकडीवर जाऊन स्विच वर केला. तेव्हापासून लाइन चालू आहे. मी जेवते, झोपते, आईशी नीट बोलते. रडू येत नाही. यायला हवं, हे समजतं.

आता आरोग्यखात्याची चौकशी लागली आहे. पेशंट हलवायला उशीर केला म्हणून नर्सबाईंना निलंबित करायचं घाटतंय. त्यांनी खुलाशात पुन्हा वाऱ्याचंच लिहिलं आहे. उद्या सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन खरं काय ते लिहून देणार आहे. परवाना अजून आपल्या दोघांच्या नावावर आहे. तू नाव काढायला सांगितलं होतंस, मी काढलं नाही. का काढलं नाही, ते तुला कळेल. त्यामुळे तुलाही नोटीस येईल, कदाचित तुझ्या ऑफिसात. ती हातात पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. स्विच मी एकटीनं बंद केला आणि तू चार वर्षांपूर्वीच यातून बाहेर पडलास, असं जबाबात स्वच्छ लिहिते आहे. तुला त्रास होऊ नये, पण झाला तर माफ कर. परवाना जाईल, महिन्या-दोन महिन्यांत लाइनही जाईल. तोवर मी एक दिवसाआड टेकडीवर जाते. पुढे त्या चाळीस घरांपर्यंत कोण पोचणार, हे तुमच्या खात्यात ठरतं. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागते आहे.

तुझीच,
कागदावरची भागीदार