सुनीलचं थांबणं

मंगळवार, संध्याकाळ. तेलगाव.

पुढारी येईपर्यंत गर्दी उठू नये म्हणून आज सभेत माइक आधी मला दिला. मी सरळ सांगितलं, आमच्या वस्तीत नळाला पाणी न्हाई, ते द्या. लोक मोबाईल बघत बसले.

मग चुलतभाऊ सुनील उठला. "मायबाप हो," म्हणाला आणि थांबला. काय थांबतो हा! पुढं नुसती माती, घाम, आईचा पदर. पाण्याचं नाव न्हाई, तरी टाळ्याच टाळ्या. मी कपिलधारच्या डोंगरात भटकत होतो तेव्हा हा आरशासमोर थांबायला शिकला असणार. मी थांबलो की लोकांना वाटतं, विसरला.

सभेवरून आल्या आल्या आई हंडा घेऊन पाण्याला निघाली. म्हणाली, "लई गोड बोलला रे आपला सुनील! तू बी शीक जरा."

मी तिच्या हातातला हंडा घेतला. या कामाला कोण टाळ्या वाजवतंय?