अकरा खोटे सामने आणि एक माफी

मी, लव्हॉन ड्रेसेल, वय ७९, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार इव्हान्सव्हिल, इंडियाना, आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेले नसताना लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे लावावी. माझे दिवंगत पती ऑर्व्हिल यांनी जाताना एक काम माझ्यावर सोपवले होते. ते मी चार वर्षे केलेले नाही. त्याचाही निकाल यातच लावते आहे.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी जानेल हिला. तळघरात पाणी शिरते, हे घर विकताना लपवू नये.

कलम २. ऑर्व्हिलची हत्यारपेटी त्याचा भाऊ क्लाइड याला. हा इथेच जन्मला, पण टोपी घालतो पूर्वेकडच्या त्या गब्बर बेसबॉल संघाची! माझ्याच टेबलावर माझेच बटाट्याचे सॅलड चापत म्हणाला, "वहिनी, जिंकणाऱ्यांच्या बाजूला या की! पैसा लागतो, पैसा!" मी म्हटले, "भावजी, पैसा आमच्या संघाच्या मालकालाही मिळतो. तो खिशातून बाहेर काढावा लागतो." ती टोपी घालून माझ्या अंत्यविधीला आला, तर पेटी देऊ नये.

कलम ३. फेरीमेन या आमच्या गावच्या बेसबॉल संघाच्या मैदानातील, तिसऱ्या बेसमागच्या दोन हंगामी खुर्च्या जानेलला. ती म्हणते, "आई, सोड ना गं त्या! आपण तिकिटं काढायची आणि त्या मालकानं गल्ला भरायचा!" खरे आहे. श्रीमंत संघ लीगच्या तिजोरीत जी रक्कम भरतात, तिच्यातला वाटा आमच्यासारख्यांना मिळतो, तो खेळाडूंवर खर्चावा म्हणून. आमचे मालक श्री. बेक्सली वाटा घेतात, आणि पगाराचा विषय निघाला की "गाव लहान आहे हो" म्हणून गळा काढतात. गाव लहान, मग बिअर एवढी महाग कशी? एखादा पोरगा चमकला की जुलैअखेरची खेळाडू विकण्याची मुदत संपायच्या आत विकून मोकळे. सदतीस वर्षे आमच्या तोंडाला पाने पुसली. शरम वाटत नाही का हो? तरी खुर्च्या सोडायच्या नाहीत. तिथे बसून त्याच्या नावाने ओरडणारे कोणीतरी हवे.

कलम ४. माझ्या स्कोअरवह्या जानेलला. प्रत्येक सामना मी पेन्सिलने, चेंडू न् चेंडू टिपला आहे. त्यांत अकरा सामने खोटे आहेत. वही टिपणाऱ्या बाईला हे कबूल करणे फार जड जाते. ऑर्व्हिल गेला त्या वर्षी आम्ही पहिल्या नंबरापासून दोनच सामने मागे होतो, आणि बेक्सलींनी आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा हुकमी गडी, ओखेडा विकला. ऑर्व्हिल तेव्हा इस्पितळात. नजर अधू झालेली, रेडिओवरचे भराभर बोलणे समजेना. रोज दुपारी मी त्याला वही वाचून दाखवायची. ओखेडा गेला, हे काही केल्या माझ्या तोंडून निघेना. मग मी त्याला वहीत खेळवत ठेवला. अकरा सामने. नऊ जिंकवले, दोन हरवले, नाहीतर ऑर्व्हिलला संशय आला असता. मैदानावर आम्ही त्यांतले आठ हरलो होतो.

अकरावा ऐकून तो म्हणाला, "लव्ह, ओखेडाला ठेवलं की गं! म्हणजे बेक्सलीनं या खेपेला हात सैल सोडला. आणि मी त्या माणसाला जन्मभर शिव्या घातल्या. जाऊन माझ्या वतीनं माफी माग त्याची."

"मागते," मी म्हटले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

कलम ५. ती माफी मी मागितलेली नाही. खोटे मी बोलले, कबूल. पण ती वेळ माझ्यावर कोणी आणली? माझ्या नवऱ्याच्या भाबडेपणावर त्या माणसाने फुकट डल्ला मारलेला मला खपणार नाही. पण मरणाऱ्याला दिलेला शब्दही मोडवत नाही. सबब, ती अकरा पाने जानेलने स्वतः नेऊन बेक्सलींच्या हातात द्यावीत. माफी मात्र विश्वस्त म्हणून स्वतःकडे ठेवावी. ज्या वर्षी जुलै उलटूनही संघ जसाच्या तसा मैदानात उतरेल, त्या वर्षी ती त्यांना पोचती करावी. अजिंक्यपदाची अट मी घालत नाही. हरले तरी चालेल.

हे सारे मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि मला ते मान्य आहे.

सही: लव्हॉन ड्रेसेल

साक्षीदार:
१. ग्लॅडिस होफ, शेजारीण
२. यूजीन रेडमाकर, निवृत्त टपालवाहक

ठिकाण: इव्हान्सव्हिल
दिनांक: ९ मार्च २०१८