सांडपाण्याच्या बरणीतला करंट

खडकी, पुणे
१२ जानेवारी

प्रिय बाबा,

सविनय जय भीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकलाही कमी झालाय. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, म्हणून पत्र.

कॉलेजच्या प्रयोगात मी गटाराच्या पाण्यातून वीज काढतेय. ती कशी निघते, ते सांगते. गाळातले जिवाणू घाण खाताना इलेक्ट्रॉन सोडतात. बरणीच्या तळाशी कार्बनचा तुकडा ठेवला की ते इलेक्ट्रॉन त्यावर येतात आणि तारेतून बाहेरच्या दुसऱ्या तुकड्याकडे धावतात. तीस वर्षं लाइनमन म्हणून तुम्ही सांभाळलात तोच करंट, फक्त अगदी इवलासा.

माझ्या बरणीचा मीटर बारा दिवस शून्य दाखवत होता. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, “अक्षता, ओतून टाक आता.”

“सर, अजून दोन दिवस द्या ना.”

मग झाकण नीट पाहिलं. तारेच्या भोकातून हवा आत जात होती आणि या जिवाणूंना हवा चालत नाही. मी भोक मेणाने बुजवलं. परवा सकाळी मीटरवर जवळजवळ अर्धा व्होल्ट! मी ओरडलेच. सर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते.

पण लोड जोडला की व्होल्टेज झपकन पडतं. जोड ढिला असेल का? लाइनवर असं झालं की तुम्ही आधी कुठे बघायचात?

आई म्हणते, लाइनवर शॉक लागल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही. मला मात्र उत्तर हवंय, आणि ते आईकडून लिहून घेऊ नका. उजवा हात चालत नसेल तर डाव्याने लिहा. वाकडं अक्षर मला वाचता येतं.

उत्तरासाठी अडून बसलेली,
तुमची अक्षता