साठ फूट जाळी

मोशी,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय निरंजन,

अनेक आशीर्वाद. मारुंजीच्या फ्लॅटमध्ये पाणी वेळेवर येतं ना? आई बरी आहे, गुडघे सोडून. चाकणला शिफ्टला जाणाऱ्या बायकांची पोरं माझ्या पाळणाघरात दिवसभर घर डोक्यावर घेतात. संध्याकाळी दहावीची शिकवणी.

तू दिलेली कुंपणाची जाळी लावली. रंगरावमामांसमोर म्हणालास, "ताई, ही साठ फूट उरलीय. हिच्यात मावेल तेवढं अंगण तुझ्या पोरांना. बाकी जमिनीच्या हक्कसोडीवर सही कर." इतरांच्या बहिणी साडीचोळीवर सही करतात, मला जाळी! पंधरा बाय पंधराचा चौकोन, सव्वादोनशे चौरस फूट, एवढ्यात ताई गप्प बसेल असं तुला वाटलं. अरे राजा, तुला वर्गसमीकरणं शिकवली कुणी?

चौथ्या बाजूला मी तुझ्या नव्या कंपाउंडची भिंतच घेतली. तिथे जाळी कशाला वाया घालवू? भिंतीपासून दहा फूट बाहेर आले तर लांबीला चाळीस उरतात, म्हणजे चारशे. वीस फूट आले तर लांबीही वीसच, पुन्हा चारशे. आलेख जितका चढतो तितकाच उतरतो, तेव्हा त्याचं टोक दहा आणि विसाच्या बरोबर मधे. पंधरा बाहेर, तीस लांब. साडेचारशे! आयतात याहून एक चौरस फूट जास्त कुणी काढून दाखवावा.

आई खूश. म्हणाली, "आगं, दुप्पट झालं की! आता करून टाक सही. न्हाईतर भाऊ तुटंल."

मी पेन उचललंही होतं. भाऊबीजेला ओवाळू कुणाला, या विचारानं रडू आलं.

मग स्वतःचाच राग आला. साडेचारशे हे साठ फुटांच्या आयतातलं सर्वांत जास्त. पण साठ फूट ठरवले कुणी? तू. शिकवणीत पोरांना बजावते, उत्तराआधी अट तपासा. घरात मात्र तुझी अट निमूट मान्य करून मी तिच्यातच हुशारी दाखवत बसले. जमीन अप्पांची होती. ते गेले तेव्हा पोरकी मीही झाले, तू एकटा नाही. जेवढा वाटा तुझा, तेवढाच माझा.

कागद सहीविना परत पाठवते आहे. सोमवारी मोजणीचा अर्ज देईन. तू आलास तर बरं वाटेल, नाही आलास तरी मोजणी होईल. भाऊबीजेचं ताट तुझ्यासाठी दरवर्षी मांडीन. सही मात्र या जन्मात मिळणार नाही.

तुझी बहीण आणि बरोबरीची वाटेकरी,
विजयश्री