मशिनं वर न्यायच्या आधी

गिरीज, वसई
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

चि. स्टेफी हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी कोण उगवलं असेल तर ग्लोरिया. पाहुण्यांची गाडी अजून चर्चच्या वळणावर होती आणि ही बया आपल्या ओट्यावर हजर, हात मासळीचे तसेच ओले, विचारते कोण येतंय गं तुमच्याकडे. मला ठाऊक असतं तर मी जुन्या लुगड्यात केळीची सुकी पानं गोळा करत बसले असते का? तिला गाडी वळायच्या आधी कळते, आणि मला शेजारी कुकर शिटी मारून थकला तरी ऐकू येत नाही. म्हणून तर तुझ्याशी हा कागदाचा व्यवहार. मागे फोनवर तू म्हणे शरीरशास्त्रात नापास झाल्याचं सांगत होतीस आणि मी हो बाळा, छान झालं, असं म्हणून फोन ठेवला. तुझा बाप अजून हसतो.

तर गाडीतून दोघं उतरले. जितेश साहेब, मिसरूड फुटून फार वर्षं झाली नसतील, आणि उन्नती मॅडम, गळ्यात ओळखपत्र, हातात ती काचेची पाटी. आम्ही दवाखान्याच्या रुग्णसहभाग कक्षातून आलो, म्हणाले. असा कक्ष आहे हे आपल्याला चार वर्षांत कळलं नव्हतं, आणि आपण आहोत हे त्यांना. म्हणजे फिट्टंफाट.

काम असं की तुझ्या आजोबांना डायलिसिसच्या ज्या मशिनांवर लावतात ती नव्या इमारतीत न्यायची आहेत. त्याआधी पेशंटचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं मत घ्यायचं आहे म्हणे. खरं सांगते स्टेफी, मी हरखले. चौथी शिकलेल्या बाईला कोणी मत विचारलं ते शेवटचं फादरनी, लग्नात. मी आत जाऊन साडी बदलली, चांगले कप काढले. मॅडमनी माझं नाव विचारून पाटीवर लिहिलं, रोझलिन, काळजीवाहक प्रतिनिधी. ग्लोरियाचं तोंड बघायला हवं होतंस.

पुढे प्रश्न सुरू झाले. सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी, एक ते पाच. मी सांगायला लागले की सोमवारी आणि गुरुवारी पहाटे उठून मी यांची भाजी उकळते, ते पाणी फेकते, मग पुन्हा शिजवते, कारण पोटॅशियम. मॅडम म्हणाल्या आकडा सांगा. मी म्हटलं दिवसाला किती पाणी प्यायचं ते मापाच्या पेल्याने देते आणि तेवढ्यावरून आमचं रोज भांडण होतं. मॅडम म्हणाल्या मग तीन लिहू का? मी म्हटलं लिहा बाई, तीन तर तीन, नाहीतरी तुमच्या पाटीत त्याहून मोठी भाजी मावणार नाही.

मग कळलं की नवी जागा दुसऱ्या मजल्यावर आहे. आजोबा बाजेवर पडून ऐकत होते, ते उठून बसले. मी लिफ्टचं विचारलं. साहेब म्हणाले प्रस्तावित आहे. प्रस्तावित म्हणजे भिंतीत चौकोनी भोक आहे आणि त्यात कबुतरं राहतात, हे रिक्षावाल्याने मला नंतर सांगितलं.

तुला माहीत आहे, चार तास मशीनवर काढल्यावर त्यांचे पाय पिळलेल्या फडक्यासारखे होतात. आता तळमजला आहे, दोन पायऱ्या उतरायला मी आणि वॉर्डातली एक मावशी लागतो. दोन मजले उतरायचे म्हणजे एक दिवस ते म्हणतील मी जात नाही. आणि त्यांनी नाही म्हटलं की नाही, हे मी पन्नास वर्षं बघतेय.

सभा ठेवलीय सोमवारी २ मार्चला, अकरा वाजता. मी म्हटलं, साहेब, सोमवारी अकराला सगळे पेशंट मशीनला जोडलेले असतात, सभेला कोण येणार, त्यांच्या नळ्या? मॅडमनी ते इतर सूचना या रकान्यात लिहिलं आणि तारीख तीच ठेवली.

मोगरा फुलायला लागलाय. नीट जेव. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी


मिरज
गुरुवार, २६ फेब्रुवारी

ती. आजीस स्टेफीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डनने दिलं आणि मी मेसच्या रांगेतच उघडलं. इतकी हसले की पोळी वाढणाऱ्या काकू विचारायला लागल्या घरी कुणाचं लग्न ठरलं का. एक दुरुस्ती, मी नापास नव्हते झाले, दोन मार्कांनी वाचले होते. बाबा तिखटमीठ लावतात.

आजी, रागावू नकोस, पण पेशंटना विचारून दवाखान्याची आखणी करायची, ही गोष्ट मुळात चांगली आहे. आम्हाला शिकवतात तसं. डॉक्टरला आजार कळतो, पण आजारासकट घरी कसं जायचं हे पेशंटला आणि तुझ्यासारखीलाच कळतं. विचारणारे कच्चे असतील, पण विचारणं खोटं ठरवू नकोस. तुला तोंड दिलंय देवाने, ते फक्त टोमण्यांसाठी वापरू नकोस, एवढंच.

तू त्यांना भाजीचं सांगितलंस, पेल्याचं सांगितलंस. आता सुई काढल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांचं सांग. रक्तदाब उतरतो, आजोबा पांढरे पडतात, तू त्यांचे पाय उशीवर ठेवतेस, ते सगळं. त्या दहा मिनिटांत जिना म्हणजे काय हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं.

आणि हे गमतीने लिहीत नाही. आजोबांनी जिन्याला कंटाळून एक-दोन वेळा जरी डायलिसिस चुकवलं तर पाणी छातीत भरेल. मी इथे वॉर्डमध्ये तसे आलेले बघितले आहेत. सगळेच परत जात नाहीत. तेव्हा मशिनं वर जाता कामा नयेत, निदान लिफ्ट चालू होईपर्यंत. एवढं एकच मागणं धर. दहा मागितलीस तर ते सोपं असेल तेवढं देतील आणि फोटो काढतील.

आजोबांना सांग, इस्टरला येईन तेव्हा त्यांच्या वाटणीचं केळं त्यांच्या समोर खाणार नाही, मागे जाऊन खाईन. तुझी माया आहे तशीच राहू दे, मला तेवढी पुरते.

तुझीच,
स्टेफी


गिरीज
मंगळवार, ३ मार्च

चि. स्टेफीस आजीचे आशीर्वाद, आणि थोडी शाबासकीही. वि. वि.

तुझं पत्र ब्लाउजमध्ये ठेवून सभेला गेले. आजोबांना मशीनवर लावलं, सिस्टरला नीट बघ म्हणून सांगितलं आणि शेजारच्या हॉलमध्ये गेले. पंचवीस खुर्च्या, चार बायका. त्यातली एक आशालताबाई, त्यांचे शांतारामभाऊ आपल्या आजोबांच्या पलीकडच्या मशीनवर असतात. फ्लॅटमध्ये राहते, नोकरी सोडून नवऱ्याला सांभाळते, स्वभावाने गरीब. तोंड मात्र माझ्या बाजूला बसल्यावर उघडलं.

भिंतीवर मोठा फलक, तुमचा सहभाग आमचा संकल्प. टेबलावर पुस्तिका. गुळगुळीत कागद, वर हसणारी म्हातारा-म्हातारी, दोघांचे दात असे की कुठल्या पेशंटचे असतील तर मी नाव बदलेन. आशालताबाईंनी आत वाचलं. रुग्ण व काळजीवाहकांच्या सूचनांनुसार विभाग दुसऱ्या मजल्यावर हलवण्यात येत आहे. खाली छापल्याची तारीख जानेवारीची. आम्हाला विचारलं फेब्रुवारीत, सभा मार्चमध्ये, आणि आमच्या सूचना जानेवारीतच छापून तयार. मी म्हटलं, मॅडम, बारशाआधी पोराची मुंज लावलीत. मॅडम म्हणाल्या तो मसुदा आहे. मसुद्याला इतके चकचकीत कपडे घालतात हे मला माहीत नव्हतं.

आता पुढचं ऐक, आणि बसून ऐक. साडेबाराला पहिली पाळी सुटली. भिंत धरत धरत पेशंट हॉलमध्ये आणले, सत्कार करायचा म्हणून. आणि सत्कारात काय? प्रत्येकाला एकेक शहाळं, नळी लावून, आणि केळ्यांचा फणा. स्थानिक वाड्यांतला ताजा माल, आपल्या मातीचा पाहुणचार, असं साहेब माइकवर म्हणाले.

मूत्रपिंडाच्या पेशंटला शहाळं, म्हणजे पेलाभर पोटॅशियम! ज्याने आयुष्यभर केळी पिकवली त्याला चार वर्षं मी केळ्याची साल शिवू दिली नाही, आणि ह्यांनी वाजतगाजत पुढ्यात फणा ठेवला. शांतारामभाऊ भोळे, नळी तोंडात घातली. मी हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या ओलांडून गेले, स्टेफी, गुडघा दुखतो हे विसरून, आणि नळी ओढून काढली. फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला.

आत सिस्टर बसलेली होती, तिला एक हाक मारली असती तरी कळलं असतं. पण तिलाही कुणी विचारलं नव्हतं. विचारायचा कक्ष ह्यांचा, आणि विचारायची सवय नाही.

साहेब पांढरेफटक. माइक त्यांच्या हातातच राहिला होता, तो मी घेतला. मोठ्याने बोलायला मला माइक लागत नाही, पण घेतला. एकच मागणं मागितलं, तू सांगितलंस तसं. लिफ्ट चालेपर्यंत मशिनं खालीच. मॅडम म्हणाल्या तोवर खुर्चीवरून उचलून न्यायला दोन मदतनीस प्रस्तावित आहेत. मी म्हटलं, ह्या प्रस्तावित माणसांना जेवायला काय घालता, कारण दिसत तर कुणालाच नाहीत. आशालताबाई पहिल्यांदा हसली. मग मी साहेबांना म्हटलं, तुम्ही मला एक ते पाच विचारलंत, आता मी तुम्हाला दहा मिनिटं मागते. पुढच्या सोमवारी सुई काढताना या आणि यांच्या शेजारी उभे राहा. चारचौघांत हो म्हणावं लागलं बिचाऱ्याला.

घरी आल्यावर आजोबा बाजेवर टेकले. मग म्हणाले केळी चांगली पिकलेली होती.

तुझा अभ्यास कर, आजीची आठवण रोज एकदा तरी काढ.

तुझी,
आजी


गिरीज
मंगळवार, १० मार्च

चि. स्टेफीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

आले. काल दोघंही आले. मला वाटलं होतं तापबीप येईल ऐनवेळी, मोठ्या माणसांना सभेनंतर येतो तसा. पण आले, आणि सिस्टरने त्यांना पायात प्लास्टिकच्या पिशव्या घालायला लावल्या, तेवढ्यानेच माझा अर्धा राग गेला.

सुया काढल्या, पट्टी दाबून धरली. आजोबा उठून बसले आणि नेहमीसारखं झालं. ओठ पांढरे, कपाळावर घाम, डोळे वर. सिस्टरने आडवं केलं, मी पाय उशीवर घेतले आणि तळवे चोळत राहिले. मॅडमनी फोटोसाठी पाटी वर केली होती, ती जितेश साहेबांनीच हाताने खाली केली. साहेबांनी घड्याळात बघितलं, दहाची सतरा मिनिटं झाली.

मग डोळे उघडून आजोबांनी साहेबांना जवळ बोलावलं. तुला माहीत आहे, ते पाहुण्यांशी बोलत नाहीत. म्हणाले, बाबा, चाळीस वर्षं मी माडावर चढलो, रोज चढलो, कुणाला धर म्हटलं नाही. आता दोन पायऱ्यांना बायको लागते. तुझ्या दुसऱ्या मजल्यावर मी एकदा येईन, तुझा मान म्हणून. दुसऱ्यांदा येणार नाही, घरीच राहीन. मग तुम्ही लिहा, समाधानी.

मला रडू आलं, पण मी पंख्याचं निमित्त केलं. हे ते मला घरी कधी बोलले नव्हते. मला वाटायचं मीच घाबरते.

साहेबांनी आपल्या गाडीने घरी सोडलं. मॅडम काचेतून वाड्या बघत होत्या. घरी चहा घेतला आणि साहेबांनी विचारलं, आजी, अजून काय काय विचारायला हवं होतं? बघ, आता विचारलं! मी म्हटलं पहिलं हे की सभा कधी ठेवू, आणि दुसरं हे की खायला काय देऊ. बाकीचं आशालताबाई सांगेल, ती शिकलेली आहे आणि तिचं तोंड आता मोकळं झालंय. मॅडमनी आशालताबाईंचा नंबर वहीत लिहून घेतला. वहीत, पाटीवर नाही.

मशिनांचं काय, ते मी विचारलं. साहेब म्हणाले दवाखान्यातून निघायच्या आधीच वरिष्ठांशी बोललोय, लिफ्ट चालू होईपर्यंत हलवणार नाही, तसा सहीचा कागद घेऊन लवकरच येतो. मी म्हटलं, लवकरच नावाचा वार कुठल्या आठवड्यात येतो? चर्चचं कॅलेंडर भिंतीवरून काढून पुढ्यात ठेवलं, पेन दिलं. मंगळवार धरा म्हटलं, आम्ही घरी असतो. मुकाट्याने लिहिलं पोराने, आणि मी न सांगता खाली स्वतःची सही केली. ग्लोरिया खिडकीतून साक्षीला होतीच.

लगेच फार हुरळून जाऊ नकोस. कागद हातात येईपर्यंत ही माणसं माझ्या हिशेबी प्रस्तावितच. आजोबा मात्र काल रात्री नीट झोपले, मधे उठून बसले नाहीत. तुझ्या त्या दहा मिनिटांबद्दल तुझे दोन्ही गाल ओढते. अशीच जीव लावत राहा या म्हाताऱ्या जोडप्याला.

तुझी,
आजी

ता. क. कॅलेंडरवर साहेबांच्या हातचं जसं आहे तसं तुझ्या माहितीसाठी उतरवते: मशिनं तळमजल्यावरच, कागद घेऊन येतो, मंगळवार, १७ मार्च, सकाळी अकरा.