ज्योतीची निळी झालर

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

घट बसला. दिवा लागला.

शेजारी पाटावर मोठी पणती, जमिनीपासून जेमतेम वीतभर. यंदा तृतीया दोन दिवस, म्हणजे दिवा दहा दिवस तेवता ठेवायचा. सासूबाईंनी काडी माझ्या हातून ओढवली आणि लगेच बजावलं, "वाल्मिकच्या बापाच्या वक्ताला दिवा इझला हुता. त्याच दिवाळीला ते गेले. ध्यानात ठेव." लग्न होऊन आले त्या वर्षापासून ध्यानात आहे. हा दिवा म्हणजे घरधन्याचं, म्हणजे ह्यांचं आयुष्य. मला तसंच शिकवलं आणि मीही तसंच मानते.

दुपारी दारात टेंपो. कुंभिवलीच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उडाले, ते बसायला दसरा उजाडणार. शेडमध्ये मोठमोठ्या लोखंडी टाक्यांना आतून-बाहेरून रंग लागतो, हे तिथले रंगाचे मिस्त्री. शेड बंद म्हणून मालकाने दुसरं काम घरी पाठवलं. नेरळच्या एका इमारतीच्या साठ खिडक्यांच्या जाळ्या, दसऱ्याला बसवायच्या. जाळ्या पडवीत रचल्या. मग रंगाचे डबे, रंग घट्ट बसावा म्हणून त्यात मिसळायच्या हार्डनरचे छोटे डबे, थिनरचा मोठा कॅन, रंग फवारायची गन आणि तिचा कॉम्प्रेसर.

पडवी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार. दाराच्या आत घट.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पावसामुळे पडवीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. दिवसभर कॉम्प्रेसर. धूप लावला तरी त्याच्यावरून थिनरचाच वास. ह्यांना म्हटलं तर, "कसला वास? उगा कायतरी." दत्ता म्हणजे शेडमधला ह्यांचा जोडीदार, तोही इथेच कामाला येतो. तो म्हणाला, "वैनी, आमच्या मिस्त्रीला थिनर म्हंजे अत्तर हाय. लग्नात तेच लावून उभं ऱ्हायले असतील, तुमी इसरलात."

हसले. पण डोकं ठणकत होतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

आजही डोकं. सकाळी उठताना काही नाही, दुपारी दोननंतर सुरू, विहिरीवर जाऊन बसलं की थांबतं. उपासाने असेल म्हणावं तर दरसाल उपास करते. हिशेबाची वही लिहायची सवय आहे म्हणून वेळा टिपून ठेवल्या, एवढंच.

संध्याकाळी हे हात धुवायला बसले. पाण्याने नाही, थिनरने. चिंधी बुडवून कोपरापर्यंत पुसतात, मग बोटांच्या भेगांतून रक्त येतं. म्हटलं साबण आहे, खोबरेल आहे. "साबणानं हा रंग जात नाय गं." आमटी अळणी म्हणाले. सासूबाईंना तीच खारट लागली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

दत्ताला चहा देताना विचारलं, टाकीच्या आत शिरून रंग मारता तेव्हा भीती नाही वाटत? म्हणाला, "भीती कसली वैनी, धा मिनटात गाणी सुचतात. एकदा तर मी आतूनच मिस्त्रीला मंगलाष्टकं म्हणून दाखवली." हे हसून म्हणाले, "बाहेर काढला तवा गडी रडत हुता." दोघेही हसले. मला काही हसू आलं नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

ललिता पंचमी. माळेसाठी फुलं आणायला अप्पांकडे गेले. मागच्या आळीतले अप्पा, रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेले. सहज म्हटलं, घरात थिनरचा वास भरलाय, डोकं उठतं. अप्पा शेवंती खुडत होते ते थांबले.

"रंग कुठे मारतोय वाल्मिक?"

"पडवीत."

"आणि घट?"

"माजघरात. मधलं दार बंद असतं, वाऱ्याने दिवा जाऊ नये म्हणून. आणि पावसाला ताडपत्री."

"म्हणजे कोंडून ठेवलंय सगळं." परडी खाली ठेवली त्यांनी. "जयवंता, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते. दाराखाली फट आहे?"

"दोन बोटं."

"पुरे झाली. वाफ दिव्याला पोचली की आग उलटी पळत डब्यापर्यंत जाते. पाणी आणायलाही वेळ मिळत नाही. मी स्टोअरमध्ये खिळे ठोकलेली वहाणसुद्धा येऊ देत नव्हतो. साहेबाला बाहेर काढायला लावली होती एकदा."

विचारलं, पोचली ते कळणार कसं? म्हणाले, "ज्योत उंच व्हायला लागते. भोवती निळसर झालर दिसते. पण माणसाने झालरीची वाट कशाला बघायची? आजच काहीतरी हलव. दिवा हलव नाहीतर रंग हलव. आणि कधी दिसलीच, तर फुंकर मारू नकोस, वरून भांडं झाक. मग दारं उघड. विजेच्या बटणाला हात नको."

निघताना पुन्हा हाक मारली. "तोंडाला काय बांधतो तो?"

"रुमाल."

"रुमालाने धूळ अडते, वाफ नाही. त्या हार्डनरने तर छाती धरते. फिल्टरचा मास्क लाव म्हणावं."

फुलं घेऊन आले खरी, पण माळ करताना तीनदा दोरा तुटला. दिवा हलवता येत नाही. बसलेला घट उठेपर्यंत जागचा हलत नाही. राहिला रंग.

शनिवार, २७ सप्टेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "अप्पानं तीस वरसं पावत्या फाडल्या. गन कधी हातात धरली नाय. त्याचं ऐकून पावसात जाळ्या ठेवू?" म्हटलं, निदान ताडपत्री सोडा. तर ओल्या रंगावर शिंतोडे बसतात. मधलं दार सताड ठेवून मागचं दार उघडते म्हटलं, तर सासूबाई पुढ्यात उभ्या. "वारा बघतीस का भायेर? दिवा घालवायचाय का तुला? माझ्या लेकाचा जीव हाय त्यात."

तिघांत मी एकटीच ह्यांच्या जिवाला भ्यायले असं नाही. आम्ही सगळेच भ्यायलो आहोत, पण त्या दिवा विझेल म्हणून आणि मी तो जळतोय म्हणून.

दाराखालच्या फटीत ओलं गोणपाट दाबलं. दर अर्ध्या तासाने ज्योत बघते. बोटाने मापते, लांबून. दोन पेरं. दुपारी दोन पेरं. संध्याकाळी दोन पेरं.

आईला म्हटलं — देवीला म्हणजे — मला वेडी ठरव पण घर राख.

रविवार, २८ सप्टेंबर

 

सकाळपासून पाऊस असा की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. अकराला लाइट गेली. कॉम्प्रेसर बंद पडला तसा मला हायसं वाटलं, आता थांबेल म्हणून. पण थांबले नाहीत. उरलेल्या वीस जाळ्यांना तेलाचा हात होता, तो पुसून घेऊ म्हणाले. घमेल्यात थिनर ओतलं आणि दोघं चिंध्या बुडवून पुसायला बसले. ताडपत्री तिन्ही बाजूंनी ओढून बांधलेली. मी मागे, मोरीत भांडी घासत होते.

सासूबाईंची हाक आली. "जयवंता, ये गं ये. बघ, आईला तेज आलं."

जाऊन बघते तो त्या पाटासमोर हात जोडून. माजघरात अंधार. गोणपाट त्यांनीच पायाने सरकवलेलं, बसायला घेतलेलं. ज्योत साडेतीन पेरांची. भोवती निळी कड, फुलाच्या पाकळीसारखी पातळ. हलत नव्हती. खोटं कशाला लिहू, सुंदर दिसत होती. एक क्षण मलाही वाटलं हात जोडावेत.

"आख्ख्या जल्मात असं बघितलं नाय. शेजारच्या गौराबाईला हाक मार. कापूर काढ, आरती करू." आणि त्यांच्या हातात काडेपेटी. अर्धी उघडलेली.

 काडेपेटी त्यांच्या हातातून ओढून घेतली. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातातून काही ओढून घेतलं. ताम्हणातली तांब्याची वाटी रिकामी केली. दिवा फुंकायचा नाही हे मला लहानपणी आईने शिकवलं, अप्पांनीही तेच सांगितलं, कारण निराळं. वाटी उपडी केली आणि हळूच ज्योतीवर ठेवली.

घरात पूर्ण काळोख. सासूबाईंनी किंकाळी फोडली नाही. नुसत्या "अगं" म्हणाल्या.

मागचं दार उघडलं, खिडकी उघडली, मग मधलं दार. थंडगार वारा आला. ह्यांना ओरडून सांगितलं, घमेलं झाका, बाहेर या, काही पेटवू नका. हे आत आले आणि पणतीवरची वाटी बघून जागीच उभे राहिले. मागून दत्ता आला तो भिंत धरून, दारू प्यायल्यासारखा हसत. "वैनी, जाळ्या नाचत्यात गं." अंगणात जाऊन ओकला, मग चिखलातच बसला.

गौराबाई मागच्या दाराशी कधी आली कळलंच नाही. तिने सगळं बघितलं. म्हणाली, "देवीचा दिवा सुनंनं इझवला?" 

अप्पांना मीच बोलावून आणलं. छत्री मिटून ते उंबऱ्यावर वाकले, जमिनीपाशी नाक नेलं आणि चटकन मागे झाले. "दोन तास काडी ओढायची नाही कुणी. वाल्मिक, त्या चिंध्या पाण्याच्या बादलीत टाक, घमेल्यावर पत्रा ठेव, आणि हा माल माझ्या गोठ्यात आण. गुरं नाहीत आता, चारी बाजू मोकळ्या आहेत." हे डबे उचलू लागले.

संध्याकाळी सगळं उघडं टाकून, वास पार गेल्यावर दिवा पुन्हा लावला. नाक घासून क्षमा मागितली. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. "आता लावून काय उपेग? खंडला तो खंडला."

सोमवार, २९ सप्टेंबर

सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. गौराबाईने आळीभर केलं. तळ्यावर मला बघून बायका बोलायच्या थांबल्या.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज अष्टमी. डोकं दुखलं नाही, परवापासून एकदाही नाही. म्हणजे वाफेचंच होतं. वहीत लिहिलं तेव्हा बरं वाटलं, पण ते दोन मिनिटं टिकलं.

मग वाटलं, वाफ खरी तसा शापही खरा असला तर? हे अप्पांच्या गोठ्यात जातात, रस्ता ओलांडून. मी दारात उभी राहते ते दिसेनासे होईपर्यंत. खोकले की वहीत वेळ टिपते. खोकला जुना आहे, कामाच्या दिवसांत वाढतो, रविवारी उतरतो, हे मला आधीही माहीत होतं. पण आता प्रत्येक खोकला माझ्या नावावर.

ह्यांना विचारलं, राग आलाय का माझा? ते बोटांच्या भेगा बघत होते. "दत्ताला दोन पोरी हायत," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ काय लावू?

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडे नवमी. ह्यांनी गन पुसून पाटावर मांडली, मी हळदकुंकू वाहिलं. जाळ्या टेंपोत चढल्या. सासूबाईंनी माझ्या हातून तीर्थ घेतलं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

खिरीला दूध गॅसवर ठेवलं आणि अप्पांना सोनं द्यायला गेले. हे गॅसपाशीच बसले होते, वर्तमानपत्र घेऊन. परतताना फाटकातच करपल्याचा वास. धावत आले. पातेलं काळं ठिक्कर, घर धुराने कोंदलेलं, आणि हे हातभर अंतरावर बसून वाचतायत. पाठ गॅसकडे.

म्हटलं, कळलं कसं नाही तुम्हाला?

पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सासूबाई अंगणात आहेत ना याची खात्री केली. "दोन वरसं झाली," म्हणाले. "मला वास येत नाय. कशाचाच. कुणाला बोलू नको, काम जाईल."

टाकीला आतून रंगाचा एक हात झाला की दुसऱ्या हातासाठी माणूस उतरवतात. आधी मिस्त्री झाकण उघडून आत डोकं घालतो, वास घेऊन बघतो आणि सांगतो, वास गेला, उतर. दोन वर्षं हे सांगतायत. दत्ता उतरतोय.

उद्या शेड उघडते. हे जरा पडले आहेत. मी दत्ताच्या घरी निघाले.