धाकटीने आधी मलाच सांगितले होते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, धंदा बायकांचे कपडे शिवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या बुधवारी माझी शस्त्रक्रिया आहे. मला गर्भाशयाचा कर्करोग झाला आहे. कोणी विचारले तर 'पोटाचं काहीतरी' असे सांगू नये, हाच शब्द सांगावा.

कलम १. वरच्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर मुलगा आणि सून या दोघांच्या नावे निम्मे निम्मे व्हावे. वकील म्हणाले, एकट्या मुलाच्या नावे केले तरी चालते. पण तपासणीच्या वेळी माझा हात धरून कोण बसले होते, ते वकिलांना ठाऊक नाही. मुलगा बाहेर फोन कानाला लावून उभा होता. तो वाईट नाही, भित्रा आहे. तो गुण माझ्याकडूनच गेला.

कलम २. बँकेतली ठेव माझ्या औषधपाण्यानंतर जी उरेल ती नातीच्या शिक्षणासाठी ठेवावी. मोठी कात्री समोरच्या बटणवाल्याला द्यावी. बारा वर्षांपूर्वी त्याने ती मला न विचारता पुठ्ठा कापायला नेली आणि तिची धार घालवली. आता ती कायमची त्याच्याकडे राहू दे, कापत बसू दे पुठ्ठे.

कलम ३. मापांच्या सगळ्या वह्या न उघडता फाडून टाकाव्यात. चव्वेचाळीस वर्षांत किती बायकांनी डॉक्टरला न सांगितलेले दुखणे मला माप देता देता सांगितले, याची गणती नाही. मी "होईल बरं" म्हणायचे आणि टेप गुंडाळून ठेवायचे.

कलम ४. दुकानाचा गाळा, दोन शिलाई मशीन आणि ओव्हरलॉकचे मशीन माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या कैलासवासी धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावे. ती शाळेत गणित शिकवते, तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. तिने गाळा विकला तरी माझी हरकत नाही. पुढचे कलम वाचून तिने तो घेतलाच नाही, तर सुनेने ठेवावा. भाचीला आग्रह करू नये.

कलम ५. हे कलम काढून टाका, मालमत्तेशी याचा संबंध नाही, असे वकील दोनदा म्हणाले. मी ते ठेवले आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी धाकटी दुकानात आली. कपडे घालून बघायच्या खोलीत मला ओढून तिने पडदा लावला आणि म्हणाली, "ताई, इथे हात लाव." डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. घट्ट, जागची न हलणारी. मी तिला विचारले, "मेहुण्यांना सांगितलंस?" ती म्हणाली, "लाज वाटते गं. तू चल ना माझ्याबरोबर डॉक्टरकडे. तू असलीस की मी बोलेन."

तेव्हा भाचीचे लग्न ठरत होते. मी म्हणाले, "पोरीचं एवढं होऊन जाऊ दे. आत्ता बोभाटा झाला तर मुलाकडचे लोक पोरीकडेही तसंच बघतील. दुखतंय का? नाही ना? मग गप्प बस."

ती लहानपणापासून माझे ऐकायची. गप्प बसली.

गाठ वाढली तेव्हा मी तिच्या कपड्यांना आतून कापसाचे अस्तर लावून दिले, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. बाहेरून कोणाला काही कळले नाही. माझ्या हातून झालेले ते सर्वांत सफाईचे काम होते. आठ महिन्यांनी लग्न पार पडले, त्यानंतर ती डॉक्टरकडे गेली. तोवर कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. पावणेदोन महिन्यांत ती गेली.

सगळे जमलेले असताना मी मेहुण्यांना म्हणाले, "एका घरात राहून तुम्हाला दिसलं नाही? नवरा की भाडेकरू?" डेपोत इंजिने उघडणारा तो माणूस काळ्या नखांकडे बघत उभा राहिला. भाचीने ते ऐकले. तिने बापाशी बोलणे टाकले आणि मला आईच्या जागी मानले. मी ते मानू दिले.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंपुढे बसले तेव्हाही मी गुडघे दुखतात एवढेच सांगत होते. सून म्हणाली, "आई, खरं ते सांगा." मी म्हणाले, "खाली जरा त्रास आहे." बाई म्हणाल्या, "खाली म्हणजे? तळमजल्यावर?" मला हसू आले आणि तोंडून निघाले, "पाळी जाऊन वीस वर्षं झाली, आणि चार महिने अंगावरून रक्त जातंय." त्यांनी लिहून घेतले आणि विचारले, "घरात कोणाला कर्करोग होता?" मी म्हणाले, "बहिणीला. स्तनाचा." त्यांनी विचारले, "कधी लक्षात आलं होतं?" मी म्हणाले, "शेवटी शेवटी." एवढे सगळे खरे सांगून त्या एका प्रश्नाला मी पुन्हा खोटे बोलले.

ते खोटे घेऊन मला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायचे नाही. मी मेल्यावर वकिलाने हे वाचून दाखवावे, असा आधी बेत होता. पण तेही लपवणेच झाले. म्हणून आज दुपारी भाचीला आणि मेहुण्यांना दुकानात बोलावले. दोघे एकमेकांपासून लांब, दोन टोकांना बसले. इथवर लिहिलेले मी त्यांना वाचून दाखवले. पुढचे, जसे घडले तसे, आता लिहीत आहे.

भाची म्हणाली, "मावशी, बाबा दर वर्षी माझ्या वाढदिवसाला शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. मी मागच्या दाराने जायचे. तुला माहीत होतं."

मी म्हणाले, "हो, माहीत होतं."

ती उठून वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. माझ्याकडे तिने पाहिलेले नाही, आणि पाहावे असे मी म्हणणार नाही.

मेहुणे म्हणाले, "ताई, मी एकोणीस वर्षं एकेक दिवस आठवत बसलो होतो. कुठल्या दिवशी मला दिसायला हवं होतं ते शोधत." मग म्हणाले, "तिनं कोणाला तरी सांगितलं होतं म्हणायचं. मला वाटायचं, ती अगदी एकटी होती."

ते रागाने बोलले असते तर मला सोपे गेले असते.

कलम ६. भाचीने आपली तपासणी या महिन्यात करून घ्यावी आणि पुढे दर वर्षी करावी. डॉक्टरांना आईचा आजार सांगावा, माझाही सांगावा, आणि गाठ आठ महिने का लपली तेही सांगावे. नात मोठी झाल्यावर सुनेने तिला हे कलम ५ वाचायला द्यावे. माझ्या अब्रूचा विचार करू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करून देत आहे.

ठिकाण : दुकान
दिनांक : ९ मार्च, दुपारचे साडेचार

लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : (सही) उपचार करणारी डॉक्टर, सहीसाठी दुकानात आले. लिहून देणारी शुद्धीवर असून तिला सर्व समजते. बहिणीच्या आजाराची नोंद तिच्या सांगण्यावरून आज दुरुस्त केली.

साक्षीदार २ : (सही) लिहून देणारीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, निवृत्त मेकॅनिक. साक्षीदाराने आतला मजकूर वाचावा लागत नाही असे सांगण्यात आले. मी सगळा वाचला. सही माझी आहे. बुधवारी दवाखान्यात मी आणि मुलगी येणार आहोत, तसे ती आत्ताच म्हणाली.